क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवत सफारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतली सफारी म्हटली की आपल्याकडे आधी मसाई मारा आणि सेरेंगेटीची नावे निघतात, आणि पाठोपाठ टूर कंपनीचे लाखांतले कोटेशन येते. दक्षिण आफ्रिकेतले क्रूगर हे निराळे प्रकरण आहे. इथे भाड्याची साधी गाडी घ्यायची, सरकारी कॅम्पमध्ये राहायचे आणि आपल्या सवडीने फिरायचे. ताडोबा, पेंच, कान्हा करून आलेली मंडळी क्रूगरबद्दल जे हमखास विचारतात, त्याची ही उत्तरे.

क्रूगर नेमके कुठे आहे आणि केवढे?

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, म्पुमलांगा आणि लिम्पोपो या दोन प्रांतांत. पूर्वेची हद्द मोझांबिकला लागून, उत्तरेची झिंबाब्वेला. क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून १,७२७ चौरस किलोमीटर भरतो, म्हणजे अशी अकरा ताडोबा आत मावतील. दक्षिणोत्तर लांबी ३६० किलोमीटरच्या घरात आणि रुंदी सरासरी ५५ च्या आसपास. तेव्हाच्या ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या सरकारने १८९८ मध्ये साबी नदीच्या परिसरात राखीव क्षेत्र जाहीर केले, १९२६ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढच्याच वर्षी पहिले पर्यटक आपापल्या गाड्या घेऊन आत आले. स्वतः गाडी हाकत फिरण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

हा आकार आधी डोक्यात पक्का बसवा. चार दिवसांत ‘पूर्ण क्रूगर’ करायला निघालेली माणसे रस्ते बघून परत येतात.

गाइड नाही, जिप्सी नाही, तरी खरेच आत सोडतात?

सोडतात. गेटवर पासपोर्ट आणि बुकिंग दाखवायचे, फॉर्म भरायचा, शुल्क भरायचे आणि निघायचे. मिळालेला परवाना जपून ठेवा, बाहेर पडताना तो दाखवावा लागतो. ताडोबासारखी सकाळ-संध्याकाळची पाळी नाही, ठरवून दिलेला मार्ग नाही, मागे बसून ‘चला, चला’ करणारे कोणी नाही. गेट उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा दिवस सगळा तुमचा.

आपल्याला आणखी एक सोय म्हणजे दक्षिण आफ्रिकेत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. सवय मोडावी लागत नाही.

वाघ दिसेल का?

नाही. आफ्रिकेत रानटी वाघ नाहीत. घरातल्या छोट्यांना हे विमानात बसायच्या आधीच सांगून टाका. चित्ते मात्र आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये कुनोत आणलेले बारा चित्ते दक्षिण आफ्रिकेतूनच आले होते.

कोणत्या महिन्यात जावे?

तिथले ऋतू आपल्या उलट. मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा, ऑक्टोबर ते मार्च उन्हाळा आणि पाऊस एकत्र. प्राणी बघायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यांत चांगला. गवत आडवे झालेले असते, झाडांची पाने गळलेली असतात, आतले डबके आटलेले असते आणि जनावर नदीकाठी किंवा पाणवठ्यावर आल्याशिवाय राहत नाही.

पण आपल्या सुट्ट्या पडतात मे महिन्यात आणि दिवाळीत. मे वाईट नाही. हवा छान असते, डास कमी होत आलेले असतात. फक्त पावसाळ्याची झाडी अजून दाट असते, त्यामुळे रस्त्यापासून दहा फुटांवर बसलेला सिंहही निसटतो. दिवाळीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऊन चांगलेच तापते. पारा चाळिशी गाठू शकतो. मात्र पहिला पाऊस पडेपर्यंत पाणवठ्यांवर गर्दी असते आणि पाऊस झाला की आठवड्याभरात रान हिरवे होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इम्पाला हरणांची पिल्ले जन्मतात. एकेका कळपात डझनांनी पिल्ले धडपडत असतात, आणि त्यांच्या मागावर शिकारीही असतात.

पक्षी बघणाऱ्यांनी बिनधास्त डिसेंबर-जानेवारी निवडावा. उत्तरेकडचे स्थलांतरित पक्षी तेव्हा तिथे असतात. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरात काही दिवस टेकून पुढे जाणारा अमूर ससाणा अरबी समुद्र ओलांडून हिवाळा काढतो तो आफ्रिकेच्या या दक्षिण भागातच.

जून-जुलैमधल्या आणि डिसेंबरमधल्या तिथल्या शाळांच्या सुट्ट्या शक्यतो टाळा. एका बिबट्याभोवती तीस गाड्या हे दृश्य बघायला एवढा प्रवास कशाला करायचा?

हिवाळ्यात खरेच थंडी असते का?

असते. जून-जुलैच्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. उघड्या गाडीतून सफारी घेणार असाल तर कानटोपी आणि हातमोजे हवेतच. दुपारी टी-शर्टवर याल.

किती दिवस ठेवावेत आणि कुठे राहावे?

किमान चार रात्री, जमल्यास सहा. आणि त्या फार तर दोन किंवा तीन कॅम्पमध्ये वाटा. रोज नवा कॅम्प घेणे ही आपल्या लोकांची आवडती चूक. नकाशावर ९० किलोमीटर म्हणजे दोन तास वाटतात. इथे वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर आहे, आणि थांबत थांबत गेलात तर सरासरी २५ च्या वर जात नाही. स्कुकुझा ते सतारा हे दोन कॅम्पांमधले ९३ किलोमीटर म्हणजे आख्खा दिवस. तो दिवस ‘पोहोचायचे आहे’ या धास्तीत गेला की काहीच दिसत नाही.

पहिल्या खेपेला दक्षिण आणि मध्य भाग पुरे. लोअर साबीला दोन रात्री, साताऱ्याशी नामसाधर्म्य असलेल्या सताराला दोन रात्री, वेळ असेल तर ओलिफंट्सला एक. लोअर साबी नदीच्या अगदी काठावर आहे. गेटबाहेर हाकेच्या अंतरावर सनसेट डॅम आहे, तिथे पाणघोडे आणि मगरी जवळपास कायम असतात. स्कुकुझा ते लोअर साबी हा एच ४-१ रस्ता साबी नदीच्या कडेने जातो आणि बिबट्यासाठी नावाजलेला आहे. सताराच्या भोवती मोकळी गवताळ मैदाने आहेत, तिथे झेब्रे, विल्डबीस्ट, जिराफ आणि त्यांच्यामागे सिंह. तिथला एस १०० हा कच्चा रस्ता पहाटे धरावा. ओलिफंट्स उंच कड्यावर आहे. तिथे गाडी बंद ठेवून नुसते खाली नदीकडे बघत दुपार घालवता येते.

स्कुकुझा हा सगळ्यांत मोठा कॅम्प, मुख्यालय तिथेच. विमानतळ, दुकाने, दवाखाना सगळे आहे. सोय आहे, पण गावासारखी वर्दळही आहे. तिथे राहिलात तर जवळच्या लेक पॅनिक या लपणघरात तासभर बसा. पाण्यावरच्या फळीच्या फटीतून खंड्या, जकाना, पाणघोड्यांची डोकी अगदी समोर असतात.

उद्यानाबाहेर हॉटेल स्वस्त मिळते. तिथे राहून रोज आत गेले तर?

पैसे वाचतील, पण पहाट हातची जाईल. नोव्हेंबर ते जानेवारी कॅम्पची फाटके पहाटे साडेचारला उघडतात, बाहेरची प्रवेशद्वारे साडेपाचला. सिंह रस्त्यावर लोळत असतो तो नेमका हाच तास. एप्रिल ते सप्टेंबर दोन्ही सहाला उघडतात, पण तेव्हाही बाहेरच्यांना गेटवर रांग आणि कागदपत्रे असतात. शिवाय गर्दीच्या दिवसांत दिवसभरासाठी येणाऱ्यांचा कोटा ठरलेला असतो. आत राहा, हेच माझे मत.

बुकिंग कसे करायचे?

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यान संस्थेच्या, म्हणजे सॅनपार्क्सच्या, संकेतस्थळावर थेट. एजंटची गरज नाही. जवळजवळ वर्षभर आधी खोल्या खुल्या होतात आणि नदीकडे तोंड असलेले बंगले पहिल्या काही दिवसांत जातात. न मिळाल्यास धीर सोडू नका, रद्द झालेल्या खोल्या पुन्हा दिसत राहतात. सहा आठवडे आधी रोज एकदा बघत जा.

खोली निवडताना नीट वाचा. काही हटमध्ये स्वयंपाकाची सोय नसते, काहींचे बाथरूम सामायिक असते. त्याच्या वर बंगले आणि कॉटेज, खाली सफारी तंबू आणि स्वतःचा तंबू लावायची जागा. चादरी, टॉवेल खोलीत मिळतात.

खर्चाचा अंदाज?

आकडे दरवर्षी नोव्हेंबरात बदलतात, म्हणून रचना समजून घ्या. विमान तिकीट, गाडीचे भाडे आणि पेट्रोल, खोली, आणि चौथे म्हणजे संवर्धन शुल्क. हे चौथे लोक विसरतात. परदेशी पाहुण्यांना ते माणशी, दररोज लागते आणि २०२४ पर्यंतच ५०० रँडच्या वर गेलेले होते. लहान मुलांना साधारण निम्मे. चौघांचे कुटुंब सहा दिवस राहिले तर ही रक्कम खोलीभाड्याच्या जवळ जाते. वाइल्ड कार्ड नावाचे वार्षिक सदस्यत्व घेतले की हे रोजचे शुल्क माफ होते. आठवडाभर राहणार असाल किंवा केपटाउनकडची उद्यानेही बघणार असाल तर दोन्हींचा हिशेब कागदावर मांडून बघा.

व्हिसासाठी काय लागते?

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढूनच जावे लागते. पासपोर्टमध्ये किमान दोन पाने पूर्ण कोरी हवीत. मुले सोबत असतील तर आई आणि वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला लागतो; एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचे संमतीपत्र. आपल्या जुन्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दाखल्यावर सगळे फक्त मराठीत असेल, तर मराठी-इंग्रजी असा नवा दाखला आधीच काढून घ्या. तिकिटे व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येतील अशीच काढा.

यलो फीवरची लस घ्यावी लागेल का?

दक्षिण आफ्रिकेत हा आजार नाही, त्यामुळे दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर प्रश्न येत नाही. खरी मेख मधल्या विमानतळात आहे. मुंबईहून स्वस्त तिकीट बरेचदा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असते, आणि इथिओपिया, केनिया हे यलो फीवरच्या यादीतले देश आहेत. तिथे १२ तासांहून जास्त थांबलात किंवा विमानतळाबाहेर पडलात तर दक्षिण आफ्रिकेत लसीचा दाखला मागतात. आणि परतताना भारतातही विचारतात. दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. लस निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तिकिटात पाच हजार वाचवून या भानगडीत पडायचे की नाही, हे बुकिंग करण्याआधी ठरवा.

आणि मलेरिया?

क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येते. धोका ऑक्टोबर ते मे या काळात जास्त, कोरड्या हिवाळ्यात बराच कमी. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि घ्यायच्या का, हे डॉक्टरांना विचारूनच. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया असतील तर नक्कीच. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारे मलम आणि जाळीचे दार लावून घेण्याची सवय. घरी परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘आफ्रिकेत जाऊन आलोय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. मलेरियाच नको असेल तर पिलान्सबर्ग किंवा मदिक्वे ही मलेरियामुक्त उद्याने आहेत, पण ती क्रूगरपेक्षा बरीच लहान आहेत.

जोहान्सबर्गहून कसे जायचे? रस्ता सुरक्षित आहे का?

विमानतळावर गाडी घेऊन एन ४ महामार्गाने पूर्वेकडे. मलेलेन, क्रोकोडाइल ब्रिज किंवा पॉल क्रूगर गेटपर्यंत ४०० ते ४७५ किलोमीटर, थांबे धरून पाच-सहा तास. रस्ता उत्तम, टोल कार्डाने भरता येतो. पेट्रोलपंपांना जोडून स्वच्छ प्रसाधनगृहे आणि खाण्याची दुकाने असतात. वेळ वाचवायचा असेल तर स्कुकुझा, ह्यूडस्प्राइट किंवा म्बोम्बेलाजवळच्या विमानतळापर्यंत देशांतर्गत विमाने आहेत.

सुरक्षिततेचे स्पष्टच सांगायचे तर उद्यानाच्या आत चिंता जनावरांची, बाहेर माणसांची. २०२२ मध्ये नुंबी गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जर्मन पर्यटकाची लुटारूंनी गोळी घालून हत्या केली. तेव्हापासून अनेक जण तो रस्ता टाळून मलेलेन किंवा फाबेनी गेट घेतात. सकाळी विमान उतरणार असेल तरच त्याच दिवशी निघा. दुपारनंतर उतरत असाल तर विमानतळाजवळ मुक्काम करा, कारण अंधारात गाडी चालवायची नाही आणि गेट संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान, महिन्याप्रमाणे, बंद होते. काचा वर, सामान डिकीत, वाटेत कोणी हात दाखवला तरी थांबायचे नाही.

लायसन्स आणि गाडी कोणती?

आपले इंग्रजीतले, फोटो असलेले लायसन्स चालते, पण भाड्याने गाडी देणारे बहुधा आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात. आरटीओकडून तो काढून ठेवा. अनामत रकमेसाठी गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते. नवऱ्याचे लायसन्स आणि बायकोचे कार्ड असा घोळ काउंटरवर चालत नाही.

फोर बाय फोर लागत नाही. मुख्य रस्ते डांबरी आहेत, कच्चेही साध्या गाडीला जमतात. थोडी उंच गाडी घेतलीत तर गवतावरून नजर पोहोचते, एवढाच फायदा, पण तो मोठा आहे. पेट्रोल मुख्य कॅम्पांत मिळते.

दिवस कसा आखावा आणि जनावर शोधायचे कसे?

फाटक उघडताच बाहेर. नऊ-साडेनऊपर्यंत फिरून एखाद्या पिकनिक स्थळावर न्याहारी. दुपारी कॅम्पमध्ये परत, झोप. तीनच्या पुढे पुन्हा बाहेर, आणि फाटक बंद होण्याच्या अर्धा तास आधी कॅम्पच्या जवळपास. उशीर झाला तर दंड होतो, आणि ‘वाटेत हत्ती होता’ ही सबब तिथल्या माणसांनी हजारदा ऐकलेली असते.

शोधण्याबद्दल थोडे सविस्तर. हळू चालवा, ताशी वीस-पंचवीस. सगळ्यांनी पुढे बघू नये. डावीकडची बाजू एकाची, उजवीकडची दुसऱ्याची असे वाटून घ्या. आख्खा सिंह शोधू नका. गवताच्या रंगात न बसणारी एखादी आडवी रेघ, झाडाच्या फांदीवरून लोंबणारी शेपटी, हलणारा कान, हे शोधा. इम्पालांचा कळप निवांत चरत असेल तर पुढे चला. पण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला ताठ असतील आणि कोणी नाकातून फुर्र असा आवाज काढत असेल, तर इंजिन बंद करा आणि त्या दिशेला दुर्बीण लावा. ताडोबात चितळाचा कॉल ऐकलेल्यांना हे शिकवायला नको. जिराफ एकटक खाली बघत असेल तरी तेच. झाडांच्या शेंड्यांवर गिधाडे बसलेली असतील तर खाली काहीतरी मेलेले आहे. गिधाडे जमिनीवर उतरत नसतील तर मारणारा अजून जेवतो आहे.

पाणवठ्यावर अर्धा तास बसा. पाच मिनिटांत ‘इथे काही नाही’ म्हणून निघून गेलेल्या गाड्यांचा हिशेब ठेवलात तर गंमत वाटेल. ताडोबात जिप्सीवाल्याला पुढच्या गेटची घाई असते, इथे घाई करणारे तुम्हीच असता.

समोरून येणारी गाडी थांबली की काच खाली करून ‘काही दिसले का?’ विचारायची तिथे पद्धतच आहे. लाजू नका, आणि स्वतः बघितलेलेही सांगा.

हत्ती रस्त्यात आडवा आला तर?

क्रूगरमध्ये गाड्यांना अपघात होतो तो बहुतेक वेळा सिंहापायी नाही, हत्तीपायी, आणि त्यातही चूक बहुधा गाडीवाल्याची. अंतर ठेवा, निदान पन्नास मीटर. इंजिन चालू ठेवा. मागे गाड्या लावून स्वतःची परतीची वाट बंद होऊ देऊ नका. आई आणि पिल्लू रस्त्याच्या दोन बाजूंना असतील तर मधून जायचे नाही.

एकट्या मोठ्या नराकडे नीट बघा. डोळा आणि कान यांच्या मधून गालावर काळपट ओघळ आला आहे, मागच्या पायांच्या आतल्या बाजू मुताने भिजल्या आहेत, चाल ऐटीत आणि डोके उंच आहे, तर तो मदात आलेला आहे. त्याच्याशी वाद घालायचा नाही. तो रस्त्यानेच चालत येत असेल तर सावकाश मागे मागे जात राहा, एखादा फाटा मिळेपर्यंत. किलोमीटरभर मागे जावे लागले तरी जा. कान फडकावणे, सोंड हलवणे, धूळ उडवणे, दोन पावले धावून थांबणे ही ताकीद असते. ती मिळायच्या आधीच निघालेले बरे. हॉर्न वाजवू नका.

गाडीतून उतरता येते का? प्रसाधनगृहाचे काय?

कॅम्प, पिकनिक स्थळे आणि फलक लावलेल्या मोजक्या जागा सोडल्या तर कुठेही उतरता येत नाही. सनरूफमधून उभे राहणे, खिडकीवर बसणे, कोपर बाहेर काढणेही नियमात बसत नाही. त्शोक्वाने, न्कुह्लू, अफसाल अशा पिकनिक स्थळांवर प्रसाधनगृहे आहेत. निघण्याआधी नकाशावर त्यांच्यातले अंतर बघून ठेवा, विशेषतः सोबत मुले किंवा मधुमेहाचे ज्येष्ठ असतील तर. गाडी बंद पडली किंवा पंक्चर झाली तरी आतच बसा. आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. रेंज नसेल तर जाणाऱ्या गाडीला निरोप द्या.

ड्रोन आणायचा नाही. कोणत्याही जनावराला खायला घालायचे नाही.

गेंडा कुठे दिसेल?

दक्षिण भागात, पण नेमकी जागा कोणी सांगणार नाही, आणि सांगूही नये. शिंगासाठी होणाऱ्या शिकारीने इथल्या गेंड्यांची संख्या गेल्या दीड दशकात प्रचंड घटवली आहे. दिसलाच तर फोटोवर ठिकाण टाकू नका आणि ‘आत्ताच अमुक रस्त्यावर’ अशी पोस्ट त्याच दिवशी करू नका. रुंद, सपाट ओठांचा, मान खाली घालून गवत चरणारा तो पांढरा गेंडा. टोकदार ओठाने झुडपे खाणारा काळा. रंगात दोघे सारखेच मातकट.

शाकाहारी जेवणाचे काय?

उपहारगृहात पिझ्झा, चीज सँडविच, सॅलड, चिप्स एवढ्यावर भागते. चार दिवसांनी वैताग येतो. म्हणून स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्या आणि म्बोम्बेला किंवा मलेलेन गावातल्या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळ, भाज्या, दही, अंडी भरून घ्या. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाची मोठी वस्ती असल्याने मसाले सहज मिळतात. घरून नेताना कंपनीचे सीलबंद पाकीट असलेलेच न्या. दूध-तुपाचे पदार्थ, बिया, ताजी फळे यांवर निर्बंध आहेत. मेतकूट, भाजणी, तयार पोह्यांची पाकिटे यांनी पहाटेचे काम होते. प्रत्येक बंगल्यापुढे कोळशाची शेगडी असते. शेजारी मटण भाजत असतील. तुम्ही तिच्यावर वांगी आणि मक्याची कणसे भाजा.

स्वयंपाकाचा ओटा आणि फ्रिज बरेचदा व्हरांड्यात असतात. फ्रिजला कडी किंवा जाळी असते, ती शोभेची नाही. व्हर्वेट माकडे दबा धरून असतात, तुम्ही चहा आणायला वळलात की पाव गेला. बबून दारे उघडतात. रात्री चांदी अस्वल, म्हणजे हनी बॅजर, कचऱ्याचे डबे उपडे करतो. उरलेले काहीही बाहेर ठेवू नका.

रात्रीची आणि पायी सफारी?

दोन्ही आहेत, फक्त उद्यानाच्या गाइडबरोबर. रात्रीच्या उघड्या गाडीसाठी मूल निदान सहा वर्षांचे, पायी फेरीसाठी बारा वर्षांचे हवे. एक संध्याकाळची किंवा रात्रीची फेरी जरूर घ्या, कारण स्वतःच्या गाडीने अंधारात हिंडता येत नाही आणि तरस, साळिंदर, घुबडे तेव्हाच बाहेर पडतात. इथले तरस ठिपक्यांचे, आपल्या पट्टेरी तरसापेक्षा अंगाने मोठे आणि टोळीने राहणारे. पायी फेरीत जनावरे कमी दिसतात. शेणातले किडे, पायांचे ठसे, वाऱ्याची दिशा हे बघण्यात रस असेल तरच जा.

साबी सँडसारखी खासगी रिझर्व्ह परवडतील का? फरक काय?

साबी सँड, टिम्बावती, मन्येलेती ही क्रूगरला लागून आहेत आणि मध्ये कुंपण नाही, म्हणजे जनावरे तीच. तिथे मात्र गाडी रस्ता सोडून बिबट्यामागे झुडपांत नेतात, आणि मागकाढ्या बॉनेटवरच्या खुर्चीत बसलेला असतो. बिबट्या जवळून बघण्याची खात्री जवळजवळ विकत मिळते. एका रात्रीच्या पैशांत सरकारी कॅम्पमध्ये आठवडा निघतो. मधुचंद्राला जाणाऱ्यांनी शेवटच्या दोन रात्री घ्याव्यात. बाकीच्यांनी नाही घेतल्या तरी बिघडत नाही.

उत्तर भागात कधी जावे?

दुसऱ्या खेपेला. ओलिफंट्स नदीच्या पलीकडे मोपाने झुडपांचे रान सुरू होते, जनावरे विरळ होतात, गाड्या त्याहून विरळ. लेताबा कॅम्पमध्ये हत्तींचे छोटे संग्रहालय आहे, तिथे क्रूगरच्या नामांकित टस्करांचे सुळे ठेवले आहेत. ते एकटेच थांबायला पुरेसे कारण आहे. अगदी टोकाला पाफुरीत लुवुव्हू नदी लिम्पोपोला मिळते, तिथे तीन देशांच्या सीमा भिडतात. पिवळसर हिरव्या सालीची फीवर झाडे, प्रचंड गोरखचिंचा आणि पक्षी. ही जमीन माकुलेके लोकांची. १९६९ मध्ये त्यांना इथून जबरदस्तीने उठवले गेले; १९९८ मध्ये दाव्यात त्यांना मालकी परत मिळाली आणि त्यांनी ती संवर्धनासाठीच ठेवली.

कॅमेरा, चार्जर, फोन?

३०० ते ४०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स पुरते. ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी. कापडी पिशवीत तिथेच विकत घेतलेला किलोभर तांदूळ भरून खिडकीच्या कडेवर ठेवा, लेन्स हलत नाही. शेवटच्या दिवशी तोच तांदूळ शिजवा. प्रत्येकाला स्वतंत्र दुर्बीण द्या, नाहीतर भांडणे ठरलेली.

विजेचा दाब आपल्यासारखाच. तिथली जुनी सॉकेट आपल्याकडे गीझरला असतात तशी मोठ्या तीन गोल पिनांची असतात, त्यामुळे आपल्याकडचा छोट्या पिनांवरून मोठ्यावर जाणारा अडॅप्टर बहुतेक ठिकाणी चालतो. फोनची रेंज मुख्य कॅम्पांत असते, मधल्या रस्त्यांवर येते-जाते. नकाशा कागदी घ्या, गेटवरच्या आणि कॅम्पच्या दुकानांत मिळतो.

वयस्कर आई-बाबांना झेपेल का?

टूर बसपेक्षा सहज. चालणे जवळपास नाही, हवे तेव्हा परत फिरता येते, दुपारची झोप चुकत नाही. बुकिंग करताना कमी पायऱ्यांची खोली मागा. त्यांची औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

क्रूगरला जोडून आणखी काय करावे?

पश्चिमेच्या डोंगरकडेने जाणारा पॅनोरमा रूट. ब्लाइड नदीची दरी, गॉड्स विंडो, बुर्क्स लकचे पाण्याने कोरलेले रांजणखळगे हे सगळे एका दिवसात होते. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्यांना बुर्क्स लक ओळखीचे वाटेल. सताराकडून ओर्पेन गेटने बाहेर पडलात तर वाट सोयीची, ग्रास्कोपला एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जोहान्सबर्ग. धुके असेल तर गॉड्स विंडोवर वेळ घालवू नका, समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. सरळ बुर्क्स लक गाठा.